तुरटी फिरवलेलं पाणी

श्रावणात पाऊस आठ-दहा दिवस दडी मारून बसला की सगळ्यांना बरं वाटतं. गल्लीतल्या गच्च्यांवर गोधड्या येतात, उशा येतात, कुबट झालेले शाळेचे बूट कठड्यावर ओळीनं बसतात. सून म्हणते, "बाबा, उन्हात बसा की जरा, हाडं शेकतील." मी बसतो. पण ध्यान सगळं आभाळाकडं असतं. उघडीप जेवढी लांबेल तेवढ्या माझ्या गच्चीवरच्या फेऱ्या वाढत जातात. म्हातारपणाचं खूळ म्हणून घरातले सोडून देतात. देऊ देत. आज नववा दिवस आहे, मी खुर्ची टाकून बसलोय आणि खानापूरच्या अंगाला आभाळ काळं व्हायला लागलंय.

ऐंशीच्या आगंमागं बेळगावात पाणी तपासणाऱ्या एका सरकारी ऑफिसात मी लागलो. काम नमुने गोळा करायचं. उघडीप हीच आमची सुगी. पाऊस थांबला की गाव घाण साठवायला लागतं. रस्त्यावर सांडलेलं तेल, कारखान्यांच्या अंगणातली जळकी वाळू, सूत रंगवायच्या हौदांच्या काठावर उतू गेलेला रंग, सगळं जागच्या जागी वाळत पडतं. मग एखाद्या दुपारी पाऊस कोसळतो आणि पहिल्या पाव तासात तो सगळा ऐवज धुऊन गटारीत, तिथून ओढ्यात नेतो. त्या पाव तासाचं पाणी बाटलीत धरायचं, एवढीच माझी नोकरी. अर्धा तास उशीर झाला की पाणी शहाण्यासारखं वाहायला लागतं आणि कुणाचंच काही सापडत नाही.

सगळं गाव पाऊस बघून आत पळायचं, मी बाहेर पळायचो. सायकलच्या कॅरिअरला लाकडी खोकं, त्यात भुशात रोवलेल्या काचेच्या बाटल्या, खिशात दोऱ्याच्या चिठ्ठ्या. चहाच्या टपरीत आडोशाला थांबलेले लोक ओरडायचे, "काय रं, गटारीचं पाणी भरून न्हेतोयस, घरात नळ न्हाई काय?" मीही हसायचो. भिजलेल्या शर्टानं गटारीत उकिडवा बसलेला माणूस दिसायला काही भारदस्त नसतो.

वास मात्र अजून नाकात आहेत. उद्यमबागेतल्या ओतकामाच्या कारखान्यांमागच्या ओढ्याला पावसात लोखंडाचा वास यायचा, जिभेवर गंज आल्यासारखं व्हायचं. पाण्यावर तेलाचा पातळ रंगीत पापुद्रा तरंगायचा, बोट लावलं की फाटायचा आणि परत जुळायचा. महिन्यातून एकदा निपाणीला जायचो, तिथल्या ओढ्यात तंबाखूची भुकटी वाहून यायची. बाटली भरताना मला शिंकांवर शिंका. तो माझ्या आईच्या लुगड्याचा वास. ती तिथंच वखारीत तंबाखू चाळायला जायची, माझ्या जन्माच्या आधीपासून. ओढ्याकाठी बसून मी सरकारी बाटलीत काय भरतोय ते माझं मलाच माहीत. आईनं मात्र वखारीतल्या सगळ्या बायकांना सांगून ठेवलं होतं, "माझा पोरगा पाणी पास-नापास करतो."

पोरगा सहा महिन्यांच्या ऑर्डरवर होता, ते ती सांगायची नाही. दर सहा महिन्यांनी साहेबांच्या मर्जीवर ऑर्डर पुढं सरकायची. आमच्या घरात महिन्याच्या पगाराचा माणूस मी पहिलाच.

बेळगावच्याच शहापुरात, विणकरांच्या वस्तीत, एक बोळ होता, दोन माणसं शेजारून गेली तर खांदे घासतील एवढा. दोन्ही बाजूंना माग. सकाळपासून खटक-खटक सुरू, रस्त्यावर उभं राहिलं तरी पायाखाली जाणवायचं. बोळाच्या वरच्या तोंडाला सूत रंगवायच्या शेडी होत्या, खालच्या तोंडाला आड. शेडींतली गटार आडाला अगदी खेटून जायची. बोळातल्या बायकांना त्या गटारीवरून कळायचं की यंदा कुठल्या रंगाच्या साड्या निघाल्यात. "आज डाळिंबी चाललंय," असं त्या बोलायच्या, आणि त्याच आडात घागर सोडायच्या. नळ होता, पण तो आपल्या लहरीनं यायचा.

आमच्या ऑफिसचं म्हणणं साधं होतं. पावसाच्या पहिल्या पाण्यात रंग सापडला की शेडींच्या हौदांना कट्टे घालायला लावायचे आणि तोवर आड बंद करायचा. नाही सापडला तर फाईल मिटायची. म्हणजे त्या बोळातल्या माणसांनी काय प्यायचं, हे माझ्या एका बाटलीवर ठरणार होतं.

आडासमोरच्या घरात शेवंताक्का राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा मागावर बसायचा, सून घरातलं बघायची, आणि आक्का उंबऱ्यात सुताच्या रहाटावर मागासाठी कांड्या भरत बसायच्या. मांडीशी दोन वर्षांची नात, छबी. आक्का भरलेली कांडी टोपलीत टाकायच्या की छबी ती काढून जमिनीवर मांडायची, आक्का परत टोपलीत टाकायच्या. दिवसभर हाच खेळ.

पहिल्या दिवशी मी आडाची जागा वहीत लिहून घेत होतो. उन्हानं जीव गेलेला. आक्कांनी विचारलं, "कुणाचं रं तू?"

हा प्रश्न मला पाठ होता. त्याच्या पोटात दुसरा प्रश्न असतो. मी सगळंच एकदम सांगून टाकलं, "निपाणीचा. आई तंबाखूच्या वखारीत जाते. आम्ही बौद्ध."

आक्कांनी वर बघितलं. रहाट थांबला. मग म्हणाल्या, "पाणी पितोस?" मी हो म्हटलं आणि उंबऱ्याखाली वाकून दोन्ही हातांची ओंजळ केली. मुद्दाम नाही केली, आपोआप झाली. शाळेत शिपाई वरून पाणी धरायचा, ते हातांना आठवत होतं. मी बी. एस्सी. झालो होतो, हात झाले नव्हते.

आक्कांनी रांजणात तांब्या बुडवला, पुसला आणि माझ्या ओंजळीत ठेवला. "ओंजळ कशाला रं? धर की तांब्या. हात काय मोडलंत?"

मी प्यालो. फार थंड पाणी होतं, आडाचंच. त्यानंतर त्या बाजूला गेलो की तो तांब्या ठरलेला. मी कधी पाणी मागितलं नाही, त्यांनी कधी विचारलं नाही.

त्या श्रावणात अशीच उघडीप पडली. माझ्या वाट्याला जागा चार आणि सायकल एक. उद्यमबागेत पाऊस धरला तर शहापूर गाठेपर्यंत पाव तास केव्हाच वाहून जाणार. नियम असा की नमुना घेणाऱ्यानं स्वतः उभं राहून भरायचा आणि चिठ्ठीवर स्वतःचं नाव घालायचं. मी डोकं लढवलं. एक बाटली आक्कांकडं ठेवली.

"आक्का, पाऊस सुरू झाला की लगेच, पहिलंच पाणी हां. गटारीतलं, हितं आडाशेजारचं. तोंडापर्यंत भरायचं आणि बूच घट्ट बसवायचं. घड्याळ बघून ठेवा."

"व्हय रं, कळतंय मला. सरकारचं काम हाय," त्या म्हणाल्या. बाटली त्यांनी देवळीत ठेवली, छबीचा हात पोचू नये म्हणून.

सगळं सांगितलं मी. जे सांगायला पाहिजे होतं ते सोडून सगळं.

दहाव्या दिवशी दुपारी पाऊस आला. उद्यमबागेतला ओढा काळाकुट्ट होऊन धावायला लागला, मी गुडघाभर पाण्यात उभा राहून बाटल्या भरल्या आणि शहापूरकडं सायकल हाणली. पोचलो तेव्हा पाऊस ओसरला होता. आक्का दारातच उभ्या, पदर डोक्यावरून चिंब, चेहऱ्यावर असं समाधान की एखादं शुभकार्य पार पाडलंय. ताटलीत ठेवून त्यांनी बाटली माझ्यापुढं धरली. बाहेरून पुसून लख्ख केलेली.

आणि आतलं पाणीही लख्ख.

खोक्यातल्या माझ्या बाटल्यांत काळा काढा भरलेला, आणि ही अशी की पलीकडचं दार दिसावं. गटारीचं पाणी, उघडीप मोडल्यावरचं, शेडींखालचं, आणि तळाला कण नाही. कोपऱ्यात नजर गेली. दोरीवर चौपदरी केलेलं जुन्या साडीचं फडकं वाळत होतं, त्यावर डाळिंबी ओघळ. रांजणाशेजारी वाटीत तुरटीचा खडा, ओला.

पावसाळ्यात आमच्याकडं घराघरात पाणी गाळायचं, तुरटी फिरवायची, निवळू द्यायचं. माझी आईही तेच करायची. दुसऱ्याच्या हातात द्यायचं पाणी तर गाळल्याशिवाय कुणी देतच नाही. आक्कांनी मला पाणी दिलं होतं, चांगल्या घरात देतात तसं.

मला त्याच घटकेला कळलं. हे लिहून ठेवायला पाहिजे, कारण पुढची कितीतरी वर्षं मी स्वतःलाच सांगत होतो की नंतर कळलं. नंतर नाही. बाटली हातात घेतली तेव्हाच.

ती ओतून टाकून दुसरी भरता आली असती, पण पहिलं पाणी कधीच गेलं होतं. साहेबांना खरं सांगता आलं असतं, पण मग तिथं मी नव्हतो हेही सांगावं लागलं असतं. ऑर्डर संपायला महिना उरला होता. मी बुचाला दोरा बांधला, चिठ्ठीवर आक्कांनी सांगितलेली वेळ घातली, आणि 'नमुना घेणार' याच्यापुढं माझी सही केली. आक्का म्हणाल्या, "बरोबर भरलंय न्हवं रं?" मी म्हटलं, "लई बरोबर, आक्का." मग त्यांनी तांब्या दिला आणि मी प्यालो.

साहेब धारवाडकडचे. माणूस वाईट नव्हता, पोटात ठेवून बोलायचा नाही. तपासणीचा कागद हातात आल्यावर त्यांनी चष्मा वर केला. "नीर भाळ छलो ऐती!" म्हणजे पाणी फारच चांगलं आहे की. मग मराठीत विचारलं, "तू स्वतः हुतास न्हवं तिथं?"

"व्हय सर."

एवढंच. फाईल मिटली.

आक्कांना मीच सांगितलं, त्या विचारत होत्या म्हणून. त्यांना काय आनंद झाला! बोळभर सांगत सुटल्या, "आमचं पाणी पास झालं." आडाला मान आला. नळ यायची वाट बघणाऱ्या दोन-चार घरांनीही तिथं घागरी आणल्या. आक्का छबीच्या तोंडाला वाटी लावून म्हणायच्या, "पी गं बाय, सरकारनं पास केलेलं पाणी हाय." मी समोर उभा असायचो. मला काही बोलता आलं असतं. मी सायकलची चेन बघत बसायचो.

गौरी-गणपती झाले. दसरा-दिवाळीच्या साड्यांची घाई सुरू झाली, शेडींत रात्रंदिवस हौद भरलेले. भादव्यात छबी आजारी पडली. आधी अंगावर पुरळ, मग जुलाब, मग पोटात काही ठरेना. बोळातली आणखी काही घरं तशीच. छबीला दवाखान्यात ठेवलं. मी बघायला गेलो तर एवढीशी पोर कॉटवर मुटकुळं करून पडलेली, ओठ सुकून भेगाळलेले. आक्का तिच्या उशाशी. मला म्हणाल्या, "काय दृष्ट लागली की काय रं?" त्या पाण्यानंच झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. पाण्यानं नाही झालं असंही म्हणाले नाहीत. मी या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत बरीच वर्षं राहिलो.

पुढची उघडीप पडली तेव्हा मी बाकीच्या तिन्ही जागा सोडल्या. दुपार झाली की आडाशेजारी जाऊन बसायचो, जेवणाचा डबाही तिथंच. पाचव्या दिवशी पाऊस आला. गटारीतनं डाळिंबी पाणी उसळत आलं आणि आडाच्या काठाच्या चिरेतून आत झिरपताना मला दिसलं. मी बाटल्या भरल्या. कागद आला तो पार नापास. आडावर फळ्या ठोकल्या, शेडींना नोटिसा गेल्या, कट्टे झाले. साहेबांनी पाठ थोपटली. माझी ऑर्डर पुढं सरकली, पुढं कायमही झाली.

फळ्या ठोकायच्या दिवशी आक्का उंबऱ्यात बसून बघत होत्या. छबी घरी आली होती, बरी होत होती, काड्या झालेल्या पायांनी उंबऱ्याला धरून उभी. आक्कांनी विचारलं, "मग पयल्यांदा पास कसं झालतं रं?"

मी फळ्यांकडं बघत राहिलो.

त्यांनी स्वतःच शोधलं. हुशार बाई होत्या. "त्या टायमाला मी गाळून दिलतं. तुरटी फिरवलती. असलं घाण पाणी तुझ्या हातात कसं द्यायचं म्हणून..." बोलता बोलता थांबल्या. मग माझ्याकडं बघून एकदम हळू म्हणाल्या, "गाळायचं न्हवतं काय रं?"

"न्हवतं, आक्का."

"म्हंजे माज्याच हातानं झालं की हे."

इथं मी बोलायला पाहिजे होतं. तुम्ही चुकला नाही आक्का, मी बघितलं होतं, फडकं बघितलं होतं, तुरटी बघितली होती आणि सही केली होती. एवढी चार वाक्यं. समोर फळ्या ठोकणारी माणसं होती, ऑफिसचा शिपाई होता. तो ऐकेल, साहेबांना सांगेल. मी म्हटलं, "असूंदे आक्का, तुम्हाला कुठं म्हाईत हुतं." आणि असं म्हणून सगळं त्यांच्या पदरात घातलं. या वाक्याची मला जेवढी लाज वाटते तेवढी खोट्या सहीचीही वाटत नाही.

दिवाळीत गेलो. आक्का रांजणाला टेकूनच बसल्या होत्या, हात लांबवला तर तांब्या येईल एवढ्या जवळ. मी बसलो तशी आतल्या सुनेला हाक मारली, "पाणी दे गं ह्याला." ती पिठानं भरलेले हात धुऊन आली आणि तिनं दिलं. थोड्या वेळानं छबी म्हणाली, "आज्जी, पाणी." आक्का रहाट फिरवत राहिल्या. परत हाक मारली, "पोरीला पाणी दे गं." सून माझ्याकडं बघून ओशाळी हसली. "असंच चाललंय बघा दवाखान्यातनं आल्यापास्नं. कुणालाच आपल्या हातानं पाणी देत न्हाईत." आक्कांनी कांडी भरली, टोपलीत टाकली.

माझ्या ओंजळीत तांब्या ठेवलेले ते हात. मी चहा घेऊन निघालो, आणि त्या बोळात जायचं कमी केलं. मग बदली झाली. बऱ्याच वर्षांनी आक्का वारल्या, तेही मला दोन वर्षं उशिरा कळलं.

गेल्या श्रावणात बेळगावात एका बारशाला, कुणाकडून तरी माझं नाव कळून, एक बाई समोर येऊन उभी राहिली. "वळाखलासा काय काका? मी छबी. शेवंताक्काची नात." खानापूरच्या पुढं गुंजीला दिलेली, दोन मुलं, अंगानं चांगली भरलेली. एकदा घरी याच म्हणून बसली. उघडीप होती. चार दिवसांनी मी पॅसेंजरनं गेलो. स्टेशनापासून घर लांब नाही. आजीच्या गोष्टी काढत ती हसत होती, आणि मग हसता हसताच म्हणाली, "आज्जी माझं सगळं करायची बघा, वेणी घालायची, भरवायची. पण पाणी मात्र कधी द्यायची न्हाई. मी मागितलं की आईला हाक. मला लई दिवस वाटायचं, मी तिला आवडत न्हाई."

मग मी सांगितलं. सगळं, बाटली, फडकं, तुरटी, सही, आणि फळ्या ठोकायच्या दिवशी काय बोललो तेही. एकदा सुरुवात झाली तशी थांबेना. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती. मला वाटलं चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, आत गेली, माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तो माझ्या हातात दिला.

"आता मला कशाला सांगतासा काका?" ती म्हणाली. "हे आज्जीला सांगायचं हुतं."

बाहेर पाऊस धरला होता. मी तांब्या तसाच हातात घेऊन बसून राहिलो.